शालेय ग्रंथालय : कपाट, यादी आणि संगणक

आपल्या ग्रामीण भागातील प्राथमिक शाळेचे ग्रंथालय म्हणजे बहुधा एक कपाट असते. ते मुख्याध्यापकांच्या खोलीत उभे असते, त्याला कुलूप असते आणि ज्या शिक्षकांच्या नावे पुस्तके नोंदविलेली आहेत त्यांच्याकडे त्या कुलपाची किल्ली असते. कपाट अगदीच रिकामे असते असे मात्र नाही. १९८७-८८ पासून देशभर राबविलेल्या 'खडू-फळा' योजनेत प्राथमिक शाळांना अन्य साहित्याबरोबर पुस्तकेही देण्यात आली. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत तर प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावे आणि त्यात वृत्तपत्रे, नियतकालिके व गोष्टींच्या पुस्तकांसह सर्व विषयांवरील पुस्तके असावीत, असे स्पष्टच नमूद आहे. पुढे समग्र शिक्षा योजनेतून शासकीय शाळांना, त्यांतील इयत्तांनुसार, ५,००० ते २०,००० रुपयांपर्यंत वार्षिक ग्रंथालय अनुदानाची तरतूद करण्यात आली. सारांश, पुस्तके शाळेपर्यंत पोहोचली. ती मुलांच्या हाती किती पोहोचली, हा निराळा प्रश्न आहे आणि तो अधिक अवघड आहे.

एखाद्या शिक्षिकेने या प्रश्नाच्या सोडवणुकीसाठी इंटरनेटवरील साधने धुंडाळावयाचे ठरविले, तर तिच्या हाती काय लागेल, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. चर्चेच्या सोयीसाठी आपण एक शाळा कल्पू. इयत्ता पहिली ते सातवी, पटावर शंभर मुले, कपाटात सुमारे चारशे पुस्तके, एक संगणक, एक प्रक्षेपक आणि कधी असणारे, कधी नसणारे इंटरनेट. ग्रंथपालाचे पद अर्थातच नाही. ते काम बाईंनी आपला वर्ग सांभाळूनच करावयाचे आहे.

आयती पुस्तके

अशा शोधात प्रथम नजरेस भरतात ती आयती पुस्तके. 'प्रथम बुक्स' या संस्थेने ८ सप्टेंबर २०१५ रोजी, म्हणजे आंतरराष्ट्रीय साक्षरता दिनी, 'स्टोरीवीव्हर' हे व्यासपीठ सुरू केले. त्यावर मराठीसह अनेक भाषांतील सचित्र बालपुस्तके विनामूल्य वाचता येतात. पुस्तकांची वाचनक्षमतेनुसार चार स्तरांत विभागणी केलेली असून पहिल्या स्तरावर पानाला एकदोन ओळीच असतात. या पुस्तकांवरील परवाना खुला आहे. मूळ लेखक-चित्रकारांचे श्रेय दिले की ती उतरवून घेता येतात, छापता येतात, आणि आपल्या बोलीत भाषांतरितही करता येतात. ज्या शाळेत मुलांची घरची भाषा कोरकू, भिली किंवा वारली आहे, तेथील शिक्षकांना या शेवटच्या सोयीचे मोल वेगळे सांगावयास नको.

राष्ट्रीय पुस्तक न्यासाने २०२४ साली उपलब्ध केलेल्या 'राष्ट्रीय ई-पुस्तकालया'त तीन ते आठ, आठ ते अकरा, अकरा ते चौदा आणि चौदा ते अठरा अशा चार वयोगटांनुसार पुस्तके लावलेली आहेत. खरगपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेने उभारलेले 'राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय' १९ जून २०१८ रोजी, वाचन दिनी, राष्ट्रार्पण झाले. त्याचा पसारा प्रचंड आहे. परंतु तो मुख्यतः उच्च शिक्षणाच्या उपयोगाचा असून चौथीतले मूल त्यात हरवून जाते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. शिक्षकाने स्वतःच्या अभ्यासासाठी ते जरूर पाहावे.

संदर्भग्रंथांच्या बाबतीत मराठी शाळा खरोखर भाग्यवान आहे. १९७६ साली ज्याचा पहिला खंड प्रसिद्ध झाला, तो वाईचा मराठी विश्वकोश आज इंटरनेटवर विनामूल्य वाचता येतो. हे मोठमोठे खंड विकत घेणे व ठेवणे लहान शाळेच्या आवाक्याबाहेरचे होते. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांचा 'महाराष्ट्रीय ज्ञानकोश'ही इंटरनेटवर आहे. मात्र येथे बाईंना एक पाठ अवश्य घ्यावा लागेल. पहिला खंड निघाला तेव्हा महाराष्ट्रात २६ जिल्हे होते. २०१४ साली पालघर जिल्हा झाल्यावर ती संख्या ३६ झाली. केतकरांचे खंड तर १९२० च्या दशकातले. एखादी नोंद केव्हाची आहे हे पाहिल्यावाचून तिच्यातील आकडा वहीत उतरवू नये, ही सवय सहावी-सातवीच्या मुलांना लावता आली, तर तोच ग्रंथालयाचा एक उत्तम तास होईल.

शिक्षकांच्या समूहांतून भ्रमणध्वनीवर पुस्तकेच्या पुस्तके फिरत असतात, त्यांविषयी येथेच दोन शब्द लिहिणे आवश्यक आहे. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यानुसार, लेखकाच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या साहित्यावरील हक्क त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षांपर्यंत राहतो. (पूर्वी ही मुदत ५० वर्षांची होती. रवींद्रनाथ ठाकुरांचे निधन १९४१ चे, त्यांच्या साहित्यावरील हक्क १९९१ अखेर संपावयाचे होते, तेव्हा ती वाढविण्यात आली.) साने गुरुजींचे निधन १९५० चे. त्यामुळे त्यांचे साहित्य २०११ च्या आरंभापासून सर्वांसाठी खुले झाले. हरि नारायण आपटे, राम गणेश गडकरी, बालकवी यांचे तर त्याहून कितीतरी आधी. उलट कुसुमाग्रजांचे साहित्य २०५९ अखेरपर्यंत आणि पु. ल. देशपांड्यांचे २०६० अखेरपर्यंत संरक्षित आहे. त्यांच्या अख्ख्या पुस्तकाची छायाप्रत समूहावर धाडणे हे वाचनप्रसाराचे कार्य वाटले, तरी कायद्याने ते तसे नाही.

एवढी सामग्री हाती आल्यावर बाईंना असे वाटणे स्वाभाविक आहे की, आता कपाटाची गरजच उरली नाही. परंतु पडदा एक आणि मुले शंभर. प्रक्षेपकावर गोष्ट वर्गाला एकत्र वाचून दाखविता येते आणि ती मुलांना आवडतेही. पण मुलाने स्वतःच्या गतीने, मागेपुढे पाने उलटत, आवडलेले चित्र पुन्हा पाहत वाचणे त्यातून साधत नाही. घरी भ्रमणध्वनी आहे म्हणावे, तर तो बहुधा वडिलांच्या खिशात असतो आणि वडील सायंकाळी परततात. म्हणून शोधाची दिशा वळवून ती पुन्हा कपाटाकडेच न्यावी लागते. इंटरनेटवरील साधनांचा शालेय ग्रंथालयाला होणारा सर्वांत मोठा लाभ हा पुस्तके मिळण्यात नसून, आपल्याजवळ असलेली पुस्तके सापडण्यात आहे.

यादीचे काम

चारशे पुस्तकांची दाखल नोंदवही शाळेत असतेच. परंतु ती पुस्तके ज्या क्रमाने आली त्या क्रमाने लिहिलेली असते. 'पक्ष्यांवरचे काही आहे का?' या मुलाच्या प्रश्नाला ती उत्तर देऊ शकत नाही. संगणकातील यादी हे उत्तर क्षणात देते. यासाठी कोणते साधन घ्यावे?

ग्रंथालयांसाठी तयार संगणक-प्रणाली पुष्कळ आहेत. 'कोहा' ही त्यांतील सर्वांत प्रसिद्ध. न्यूझीलंडमधील लेव्हिन या छोट्या गावाच्या ग्रंथालयाची जुनी प्रणाली २००० साल उजाडताच बंद पडणार, असे लक्षात आल्यावर १९९९ मध्ये त्यांनी नवी प्रणाली करून घेतली आणि ती जगाला विनामूल्य देऊन टाकली. माओरी भाषेत 'कोहा' म्हणजे भेटवस्तू. आपल्या राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राची 'ई-ग्रंथालय' ही प्रणाली शासकीय ग्रंथालयांना मोफत मिळते. २००५ साली अमेरिकेत सुरू झालेले 'लायब्ररीथिंग' हे घरगुती संग्रहाची यादी करण्याचे संकेतस्थळ आहे. पुस्तकावरील आय.एस.बी.एन. क्रमांक दिला की ते पुस्तकाची माहिती स्वतःच शोधून भरते. इंग्रजी पुस्तकांच्या बाबतीत हा चमत्कार सुरेख घडतो. मराठी बालपुस्तकांच्या बाबतीत मात्र अनेकदा निराशा होते. कित्येक जुन्या पुस्तकांवर हा क्रमांकच नसतो, आणि परदेशी ग्रंथालयांच्या नोंदींत मराठी शीर्षक रोमन लिपीत, वर-खाली टिंबे-रेघा देऊन लिहिलेले सापडते. आपल्या मुलांना त्याचा उपयोग शून्य.

चारशे पुस्तकांच्या शाळेने या मोठ्या प्रणालींच्या मागे लागू नये. एक्सेलसारखे साधे कोष्टक, जे इंटरनेटवर ठेवून एकाहून अधिक जणांना पाहता येते, तेवढे पुरेसे आहे. दाखल अंक, शीर्षक, लेखक, विषय, वाचनाचा स्तर आणि पुस्तक ठेवण्याची जागा, एवढे सहा रकाने. पुस्तके दोन-तीन हजारांवर गेली, तर हेच कोष्टक पुढे मोठ्या प्रणालीत नेता येते. मेल्विल ड्यूई यांनी १८७६ साली मांडलेल्या दशांश वर्गीकरणात मराठी साहित्याचा अंक ८९१.४६ आहे. परंतु दुसरीतल्या मुलाला तो पाठ करावयास लावण्यात हशील नाही. पुस्तकाच्या पाठीवर गोष्टींसाठी लाल, विज्ञानासाठी हिरवी, चरित्रांसाठी निळी अशी कागदी पट्टी चिकटवावी आणि तोच रंग यादीत लिहावा.

आता खरी अडचण पुढे येते, आणि तिची चर्चा क्वचितच होते. ती मराठी लेखनाची आहे. यंत्र अक्षर न् अक्षर जुळवून शोध घेते. एका पुस्तकापुढे 'सानेगुरुजी', दुसऱ्यापुढे 'साने गुरूजी' आणि तिसऱ्यापुढे 'साने, पां. स.' असे लिहिले असेल, तर त्याच्या लेखी हे तीन लेखक आहेत. 'पु. ल. देशपांडे' या नावात टिंबानंतर जागा सोडली की नाही, यानेही फरक पडतो. टोपणनावांनी तर हा गुंता अधिकच वाढतो. कवितासंग्रहावर 'कुसुमाग्रज' आणि नाटकावर 'वि. वा. शिरवाडकर' छापलेले असते. त्र्यंबक बापूजी ठोंबरे हे नाव शोधणाऱ्याला बालकवी सापडत नाहीत. यावर उपाय जुनाच आहे. ग्रंथपाल मंडळी पत्रिकांवर जी 'पाहा' नोंद करीत, तिच्यासाठी कोष्टकात आणखी एक रकाना ठेवावा व त्यात लेखकाचे दुसरे नाव लिहावे.

काही भेद तर डोळ्यांना दिसतही नाहीत. 'म्हाताऱ्या' या शब्दातील जोडाक्षर युनिकोडमध्ये दोन निराळ्या रीतींनी टंकलिखित होऊ शकते. पडद्यावर दोन्ही सारखीच उमटतात, पण शोध घेताना एक सापडते व दुसरे निसटते. 'ॲ' या अक्षराचेही तसेच. याउलट देठाचा 'श' आणि पाकळीचा 'ल' यांविषयी मराठी माणूस कितीही आग्रही असला, तरी तो फरक केवळ टंकाच्या वळणाचा आहे. शोधावर त्याचा काहीही परिणाम होत नाही. सर्वांत जपावयाचे ते कृतिदेव, शिवाजी यांसारख्या जुन्या टंकांपासून. त्यांत लिहिलेली यादी तो टंक नसलेल्या संगणकावर निरर्थक चिन्हांची रांग होऊन बसते. यादी युनिकोडमध्येच करावी, एकाच व्यक्तीने तपासावी, आणि लेखकांच्या नावांचा एक नमुना-तक्ता आरंभीच करून भिंतीवर लावावा. बोलून टंकलेखन करण्याची मराठीतील सोय आता भ्रमणध्वनीवर आहे. शीर्षकांसाठी ती बरीच उपयोगी पडते, आडनावांची मात्र ती भलतीच रूपे करते.

एका पुस्तकाला तीन मिनिटे धरली, तर चारशे पुस्तकांना वीस तास लागतात. सातवीची मुले पुस्तक हाती घेऊन शीर्षक व लेखक वाचणार आणि बाई टंकलिखित करणार, अशा रीतीने रोज अर्धा तास दिल्यास चाळीस दिवसांत काम उरकते. शिवाय त्या निमित्ताने सातवीच्या मुलांनी कपाटातील प्रत्येक पुस्तक एकदा हाताळलेले असते, हा लाभ कोणत्याही प्रणालीत मिळत नाही.

यादी झाली की ती बोलू लागते. स्तराच्या रकान्यावरून गाळणी लावली, तर पहिली-दुसरीच्या मुलांना वाचता येतील अशी पुस्तके किती, हे लगेच दिसते. मोठ्यांसाठीची चरित्रे, मार्गदर्शिका आणि अहवाल यांनीच कपाट भरलेले आढळले, तर नवल वाटावयास नको. इंटरनेटवरील आयत्या पुस्तकांचा खरा उपयोग या ठिकाणी होतो. जो स्तर रिकामा आहे, त्याची बारा-सोळा पानी पुस्तके 'स्टोरीवीव्हर'वरून उतरवावी, कृष्णधवल छापावी, टाचून पुठ्ठ्याचे वेष्टन घालावे आणि दाखल अंक देऊन कपाटात ठेवावी. शाळेत इंटरनेट नसेल, तर 'भारतनेट'ची जोडणी असलेल्या ग्रामपंचायत कार्यालयातून ही पुस्तके उतरवून घेता येतील. पुढील वर्षीच्या अनुदानातून कोणती पुस्तके मागवावी, याचाही निर्णय मग प्रकाशकाच्या सूचीवरून नव्हे तर आपल्या उणिवेवरून करता येतो.

१९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाखाली मान्यता मिळालेले ग्रंथालय गावात असेल, तर त्याच्या बालविभागाची यादी याच कोष्टकाच्या दुसऱ्या पानावर घ्यावी. शाळेत नसलेले पुस्तक चावडीजवळच्या वाचनालयात आहे, हे मुलाला कळणेच आज अनेक गावांत घडत नाही. पंचायत सदस्यांनी मनावर घेतल्यास या कामाला पैसाही लागत नाही.

हरवलेले पुस्तक

येथवरचे सर्व झाले तरी कपाटाचे कुलूप निघेलच, अशी खात्री नाही. कारण कुलूप आळसामुळे लागलेले नसते. पुस्तक हरवले तर ते भरून कोणी द्यावयाचे, या भीतीने ते लागलेले असते. पुस्तके साठा नोंदवहीत शिक्षकाच्या नावे असतात. तपासणीत ती मोजली जातात. शंभर पुस्तके मुलांना देऊन पाच गमावणाऱ्या शिक्षकाला खुलासा द्यावा लागतो आणि एकही न देणाऱ्याचा साठा चोख भरतो. डॉ. शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची पंचसूत्री मांडताना पहिलेच सूत्र असे सांगितले की, ग्रंथ जतन करण्यासाठी नसून वापरण्यासाठी आहेत. आपली हिशेबपद्धती मात्र जतन करणाऱ्याच्याच बाजूची राहिली.

या दृष्टीने केंद्र शासनाच्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांतील २१५ वा नियम अवश्य पाहण्यासारखा आहे. वर्षभरात दिल्या गेलेल्या वा वाचल्या गेलेल्या दर हजार पुस्तकांमागे पाच पुस्तकांची हानी, अप्रामाणिकपणा किंवा हयगय नसल्यास, वाजवी समजावी असे तो सांगतो. एक हजार रुपयांहून अधिक किमतीचे पुस्तक आणि दुर्मिळ ग्रंथ यांची मात्र चौकशी व्हावी. हा नियम केंद्र शासनाच्या ग्रंथालयांसाठी आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेत निर्लेखनाचा अधिकार तेथील सक्षम अधिकाऱ्यांचाच. तथापि मापदंड म्हणून तो विचारात घेण्याजोगा आहे. आपल्या कल्पित शाळेत शंभर मुलांनी आठवड्याला एक याप्रमाणे पस्तीस आठवडे पुस्तके नेली, तर वर्षाला ३,५०० देवघेवी होतात. या मापाने सतरा पुस्तकांपर्यंतची हानी वाजवी ठरते.

परंतु या मापाचा आधार घ्यावयाचा तर देवघेवी किती झाल्या, हे दाखविता आले पाहिजे. कपाटातील साठा तेवढा मोजणाऱ्या नोंदवहीला ते सांगता येत नाही. देवघेवीचे कोष्टक ते एका बेरजेत सांगते. दिनांक, दाखल अंक, मुलाचा क्रमांक आणि परतीचा दिनांक, एवढ्या चार रकान्यांतून शिक्षकाला स्वतःच्या बचावाचा कागद मिळतो. गटशिक्षणाधिकाऱ्यांपुढे 'सहा पुस्तके हरवली' असे सांगणे आणि '३,५०० देवघेवींत सहा पुस्तके हरवली' असे सांगणे यांत मोठे अंतर आहे. वर्षअखेरीस हा तक्ता शाळा व्यवस्थापन समितीपुढे ठेवून ठरावासह निर्लेखनाचा प्रस्ताव पाठविण्याचा प्रघात केंद्रप्रमुखांनी घालून दिला, तर कुलपांचा प्रश्न पुष्कळच हलका होईल. तपासणी अधिकाऱ्यांनीही किती पुस्तके आहेत, याच्या आधी किती पुस्तके गेली व परत आली, हे विचारावयास हरकत नाही.

देवघेवीच्या कोष्टकात मुलाचे नाव लिहू नये, हजेरी क्रमांक लिहावा. २०२३ च्या अंकीय वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमाने अठरा वर्षांखालील व्यक्तीची माहिती हाताळण्यासाठी पालकांच्या पडताळणीयोग्य संमतीचे तत्त्व स्वीकारले आहे. शिवाय कोणत्या मुलीने कोणते पुस्तक नेले, हे गावभर दिसण्याचे कारण नाही. पुस्तकांची यादी सर्वांना खुली ठेवावी, देवघेवीचे पान केवळ शिक्षकांपुरते.

एक व्यावहारिक बाब मात्र आरंभीच ठरवून घेतलेली बरी. बहुतेक शिक्षक असे काम स्वतःच्या ई-मेल खात्यावर सुरू करतात. मग बदलीचा आदेश येतो, बाई दुसऱ्या तालुक्यात रुजू होतात आणि दोन वर्षांच्या कष्टाची यादी त्यांच्या खात्यातच राहते. नव्या गुरुजींना तिची वार्ताही नसते. यासाठी खाते शाळेच्या नावे उघडावे, त्याचा संकेतशब्द मोहोरबंद पाकिटात मुख्याध्यापकांकडे ठेवावा, दरवर्षी एप्रिलमध्ये संपूर्ण यादीची छापील प्रत काढून दाखल नोंदवहीला जोडावी आणि कार्यभार हस्तांतरणाच्या पत्रकात कपाटाच्या किल्लीखालीच या खात्याची नोंद करावी.